घरच्या मिरच्या दरवेळी का सडतात, बुरसतात आणि फिक्या पडतात?

झाडावर मिरच्या असतात तोवर काळजी नसते. त्या एकदम पिकायला लागल्या की अडचण सुरू होते. चार-पाच झाडं असली तरी ऐन बहरात खाऊन संपणार नाहीत इतक्या मिरच्या हाताशी येतात आणि मग दर हंगामाला तेच घडतं. फ्रीजमधल्या पिशवीत लिबलिबीत लगदा होतो, छान वाळल्यासारखी दिसणारी मिरची मोडली की पोटात करडी बुरशी निघते, बरणीतल्या तिखटाचे गड्डे होतात. पुढच्या वर्षी पद्धत बदलून पाहावी तर बिघाडही बदलतो, इतकंच.

माझं म्हणणं असं की साठवणुकीची पद्धत निवडण्याआधी एक मिरची उभी चिरून नीट पाहावी. तिची साल मेणचट असते. हा थर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं पाणीही सहज बाहेर जाऊ देत नाही. गर आणि बिया यांच्यामध्ये पोकळी असते आणि त्या पोकळीतली हवा दमट असते. म्हणजे मिरची बाहेरून कोरडी वाटली तरी आत ओल अडकून राहू शकते. साल कागदासारखी पातळ असेल तर ही ओल थोड्या दिवसांत निघून जाते. साल जाड आणि गरदार असेल तर ओल निघण्याआधीच बुरशी पोहोचते. बहुतेक तक्रारी इथूनच सुरू होतात. पातळ सालीची मिरची अख्खी वाळवा. जाड सालीची वाळवायचीच असेल तर चिरून वाळवा, नाहीतर फ्रीजर किंवा व्हिनेगरकडे वळा. एकाच झाडाच्या मिरच्यांना हा नियम सरसकट लागू पडतो, म्हणून तपासणी एका मिरचीवर भागते. दोन जातींच्या मिरच्या मात्र एका ताटात वाळवू नका. पातळ मिरच्या वाळल्या की सगळंच वाळलं असं वाटतं आणि जाड मिरच्या ओल्याच बरणीत जातात.

फ्रीजमध्ये मिरच्या खराब होतात

इथे तीन वेगवेगळे बिघाड असतात आणि लोक तिन्हींना ‘सडल्या’ म्हणतात.

पहिला म्हणजे सुरकुतणं. यात मिरचीतलं पाणी कमी झालेलं असतं, बाकी काही नाही. अशी मिरची बिनधास्त वापरा. चवीला ती कधीकधी जास्त तीव्र लागते, कारण पाणी गेलं तरी तिखट द्रव्य तेवढंच उरतं.

दुसरा म्हणजे चिकटपणा आणि सड. याला बाहेरचं पाणी कारण असतं: धुऊन तशीच ठेवलेली मिरची, पहाटेच्या दवात किंवा पावसानंतर लगेच तोडलेली मिरची, बंद प्लास्टिकच्या पिशवीत आतून जमलेले थेंब. मिरच्या दुपारी, झाड कोरडं असताना कात्रीने तोडा. ओढून तोडली की देठापाशी साल फाटते आणि सड तिथूनच आत शिरते. साठवण्यापूर्वी धुऊ नका, वापरताना धुवा. डब्यात खाली-वर सुती फडकं किंवा कागद ठेवा आणि तो ओलसर लागला की बदला. देठ काढायचे की ठेवायचे यावर मतं वेगळी आहेत. सड बहुतेक वेळा देठाच्या टोपाखालून सुरू होते हे खरं आहे, म्हणून फ्रीजमध्ये ठेवायच्या मिरच्यांचे देठ मी काढते. पण काढल्यावर त्या काही तास पसरून ठेवते, म्हणजे तिथली जखम कोरडी होते. ताज्या जखमेची मिरची डब्यात बंद करण्यापेक्षा देठ ठेवलेला बरा.

तिसऱ्या बिघाडाकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मिरची हे मुळात उबदार हवेचं फळ आहे. साठवणुकीला तिला ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर चालतो. इतक्या थंडीत काही दिवसांनी सालीवर खड्डे पडतात, पाणी भरल्यासारखे डाग येतात, आतल्या बिया तपकिरी-काळ्या होतात. बाहेर काढल्यावर अशी मिरची झपाट्याने सडते. म्हणून मिरच्या मागच्या भिंतीला, जिथे गारठा जास्त असतो तिथे ठेवू नका. भाजीच्या कप्प्यात किंवा दाराजवळ ठेवा. आणि फ्रीजकडून दोनेक आठवड्यांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. त्याहून जास्त टिकवायच्या असतील तर त्या पहिल्याच दिवशी वेगळ्या काढा, नरम पडायला लागल्यावर नव्हे.

सालीवर गोल, खोलगट डाग आणि त्यात वर्तुळावर वर्तुळं दिसत असतील तर हा रोग झाडावरूनच आलेला आहे. फळकुजीची ही बुरशी कोवळ्या फळात गुपचूप बसून राहते आणि मिरची पिकू लागली, साठवली गेली की डोकं वर काढते. कालपर्यंत स्वच्छ असलेल्या मिरच्यांवर आज डाग दिसतात ते यामुळे. तिथे डबा-फडकं कितीही बदललं तरी उपयोग नाही. डागाळलेल्या मिरच्या टाकून द्या, त्या झाडाच्या बाकीच्या लवकर संपवा आणि त्यांचं बियाणं धरू नका, कारण हा रोग बियाण्यातूनही जातो.

हिरव्या तोडलेल्या मिरच्या घरात लाल होतील का, हाही प्रश्न वारंवार येतो. ज्यांच्यावर रंग चढायला सुरुवात झाली आहे त्या उबदार खोलीत बहुधा पूर्ण रंगतात. पूर्ण हिरव्या, कोवळ्या तोडलेल्या नीट पिकत नाहीत, नुसत्या सुकतात.

वाळवलेल्या मिरचीच्या पोटात बुरशी निघते

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण इथे चूक झाली तर नुसती मिरची वाया जात नाही, ती खाणाऱ्याला बाधू शकते.

पूर्ण पिकलेल्या लाल मिरचीत वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्के पाणी असतं. नीट वाळलेल्या मिरचीत ते १० टक्क्यांच्या आसपास यायला हवं. नुसत्या हाताने हा फरक कळत नाही, विशेषतः दुपारच्या उन्हात, कारण तेव्हा साल कडक लागते आणि संध्याकाळी तीच मिरची पुन्हा मऊ पडते. यावर सोपा उपाय वजनकाटा. वाळवायला घातलं त्या दिवशी वजन लिहून ठेवा. ते साधारण एक चतुर्थांशावर येईल. मग सलग दोन दिवस वजन हललं नाही तर काम झालं. काटा नसेल तर मिरची हलवून पाहा. आत बिया खुळखुळल्या पाहिजेत आणि वाकवल्यावर मिरची कटकन मोडली पाहिजे. चामड्यासारखी वाकत असेल तर ती वाळलेली नाही. काही जातींची साल वाळल्यावरही थोडी लवचीक राहते. त्यांच्या बाबतीत देठाजवळचा भाग मोडून पाहा, शेवटची ओल तिथेच असते.

वाळवण्याची तयारी झाडावरच होते. मिरची पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतू लागली की तोडावी. तेव्हा तिच्यातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं आणि रंगही पुरता भरलेला असतो. अर्धवट पिकलेल्या मिरच्या वाळल्यावर पिवळट, डागाळ दिसतात आणि मग त्या बुरसल्या की काय अशी शंका येते. फरक असा: सालीत मुरलेला, गुळगुळीत, गवताच्या रंगाचा फिका डाग हा उन्हाचा किंवा कमी पिकल्याचा असतो. बुरशी पुडीसारखी किंवा केसाळ असते आणि तिला कोंदट वास येतो. पण बुरशी आत असली तर बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक खेपेतल्या काही मिरच्या मोडून पाहायलाच हव्यात.

उन्हात वाळवताना मिरच्या एकाच थरात पसरा, ढीग नको. संध्याकाळी आत घ्या, कारण रात्री हवा गार झाली की अर्धवट वाळलेली मिरची ओल परत ओढते. आत घेतल्यावर प्लास्टिकखाली झाकू नका, नाहीतर दिवसभर निघालेलं पाणी रात्रभर तिथेच घुटमळतं. ढगाळ, दमट दिवस सलग येणार असतील तर उन्हाच्या भरवशावर बसू नका. वाळवणी यंत्रात किंवा ओव्हनमध्ये ५० ते ६० अंशांवर वाळवा आणि ओव्हनचं दार किंचित उघडं राहू द्या, वाफ बाहेर जायला हवी. लवकर आटपावं म्हणून तापमान फार वाढवलं तर साल करडी-तपकिरी होते आणि चव करपट लागते. जाड सालीच्या मिरच्या उभ्या चिरा, दोन फाका उताण्या ठेवा. अशा मिरच्यांची अख्खी माळ करून टांगणं दिसायला सुंदर आहे, पण माझा त्याला ठाम विरोध आहे. पातळ सालीच्या मिरच्यांची माळ मात्र हवेशीर जागी उत्तम वाळते.

वाळल्यावर लगेच बरणी बंद करून कपाटात ढकलू नका. पारदर्शक बरणी दोन तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठ-दहा दिवस रोज हलवून बघा. काही मिरच्या जास्त वाळलेल्या असतात, काही कमी. या दिवसांत त्यांच्यातली ओल सारखी वाटली जाते. काचेच्या आत बाष्पाचा एक थेंब जरी दिसला, तरी सगळ्या मिरच्या परत वाळवायला काढा. इतकं केल्यावर वर्षभर निर्धास्त राहता येतं.

आणि बुरशी निघालीच तर? टाकून द्या. वाळत्या मिरचीवर वाढणाऱ्या बुरशींपैकी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करू शकते. हे विष यकृताला घातक आहे, कर्करोगकारक आहे, आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने ते नष्ट होत नाही. बुरसलेला भाग खुडून बाकीची मिरची वापरणं, धुऊन पुन्हा उन्हात घालणं, तव्यावर भाजणं, यातल्या कशानेही ती खाण्याजोगी होत नाही. कुटून तिखट केलं तर डोळ्यांना दिसणारी एकमेव खूणही पुसली जाते. घाम गाळून वाढवलेलं टाकणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. तरीही टाका.

रंग उडतो, गड्डे होतात, कीड लागते

लाल रंग कॅप्सॅन्थिन या रंगद्रव्याचा असतो. प्रकाश, हवा आणि उष्णता हे त्याचे तीन शत्रू. खिडकीजवळच्या काचेच्या बरणीतलं तिखट काही महिन्यांत विटकरी होतं, ते यामुळे. कुटल्यावर हवेशी संबंध कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून मिरच्या अख्ख्या ठेवा आणि महिना-दोन महिन्यांपुरतंच तिखट करा. अख्ख्या मिरच्या हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवल्या तर रंग सगळ्यात जास्त टिकतो.

गड्ड्यांचं कारण बहुतेक वेळा शेगडीवर सापडतं. बरणी उकळत्या भांड्यावर धरून थेट त्यातून तिखट घातलं जातं, वाफ आत शिरते आणि तिखट सादळतं. रोजच्या वापराला छोटी डबी ठेवा आणि वाफेपासून लांब उघडा.

किडीबद्दल एक समज मोडायला हवा: तिखट आहे म्हणून मिरचीला कीड लागत नाही, असं नाही. जेमतेम २-३ मिलिमीटर लांबीचे लालसर तपकिरी भुंगेरे वाळलेल्या मिरचीवर आनंदाने जगतात. सालीवर टाचणीएवढी गोल भोकं आणि बरणीच्या तळाशी बारीक भुसा ही त्यांची खूण. मिरच्या नव्याने भरतानाच हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. गार मिरचीवर हवेतलं पाणी लगेच जमतं आणि वाळवण्याची सगळी मेहनत तिथे वाया जाते.

फ्रीजर

जाड सालीच्या मिरचीला हा सगळ्यात चांगला उपाय. उकळत्या पाण्यातून काढायची गरज नाही. धुवा, पूर्ण कोरड्या करा, ताटात सुट्या पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. वितळू न देता गोठलेलीच चिरा, सुरीखाली छान कापली जाते. वितळल्यावर ती मऊ पडते, त्यामुळे कच्ची खायला उपयोगाची नाही, शिजवायला मात्र ताज्यासारखीच.

तेलात आणि व्हिनेगरमध्ये

ताज्या मिरच्या, सोबत लसूण, वरून तेल आणि बरणी ओट्यावर: ही पद्धत कृपया सोडून द्या. तेल फक्त हवा अडवतं. टिकवण्याचं काम आंबटपणा आणि मीठ करतात. मिरची आणि लसूण दोन्ही फारसे आंबट नाहीत, त्यांचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितका आंबटपणा कमी) ४.६ च्या वर असतो. ओल आहे, हवा नाही, आंबटपणा नाही, अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू वाढून अत्यंत जहाल विष तयार करू शकतो. त्याचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि वास, रंग, चव यांत काहीही फरक जाणवणार नाही असं होऊ शकतं. ताज्या मिरचीचं तेल करायचंच असेल तर थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा, उरलं तर गोठवा. कडकडीत वाळलेल्या मिरचीच्या तेलात ओल नसल्याने हा धोका खूपच कमी असतो, पण त्यात ताजा लसूण किंवा ताजी पानं पडली की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो.

व्हिनेगरमधल्या मिरच्या वर तरंगतात आणि आतून मऊ पडतात, कारण पोकळीत हवा असते आणि मेणचट सालीतून व्हिनेगर आत जात नाही. प्रत्येक अख्ख्या मिरचीला दोन-तीन चिरा द्या किंवा चकत्या करा. व्हिनेगर किमान ५ टक्के आम्लतेचं घ्या आणि त्यात पाणी घालायचं असेल तर व्हिनेगरइतकंच, त्याहून जास्त नाही.

मीठ लावून आंबवायच्या असतील तर वाटलेल्या मिरचीच्या वजनाच्या २ ते ३ टक्के मीठ घ्या आणि सगळं रसाखाली बुडलेलं ठेवा. वर सपाट पांढरी साय आली तर ते बहुधा यीस्ट असतं, काढून टाका. हिरवी, काळी किंवा केसाळ वाढ दिसली तर सगळंच टाका.

एक मिरची गोड, दुसरी जाळ

तिखटपणा बियांत नसतो. तो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात आणि शिरांत तयार होतो. बियांना तो फक्त लागलेला असतो. नुसत्या बिया झटकून मिरची सौम्य होत नाही ती म्हणूनच. सुरीने शिरा खरवडून काढाव्या लागतात. हा गाभा देठाकडे जास्त असतो, त्यामुळे शेंड्याचा तुकडा चाखून मिरचीचा अंदाज घेतला तर हमखास फसगत होते. देठाजवळची अगदी पातळ चकती चाखा.

एकाच झाडाच्या मिरच्यांतही फरक पडतो. पाण्याचा ताण, उष्णता, तोडणीच्या वेळचं वय या सगळ्याचा परिणाम होतो. शेजारी तिखट मिरची लावल्याने ढोबळी मिरची तिखट झाली, हे मात्र खरं नाही. परागकण कुणाचेही असोत, त्या फळाचा गर आणि गाभा आईझाडाचाच असतो. त्या बियांपासून पुढच्या पिढीत मात्र फरक दिसू शकतो. तिखटपणा सारखा हवा असेल तर वाळलेल्या सगळ्या मिरच्या एकत्र मिसळून कुटा, म्हणजे सौम्य आणि जहाल यांची सरासरी होते.

पदार्थ जास्त तिखट झाला की पाणी घालून फारसं साधत नाही. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. पाण्याने रस्सा पातळ होतो आणि तिखट वर तेलाच्या तवंगात तसंच राहतं. तो तवंग पळीने काढून घ्या, मुख्य जिन्नस वाढवा, दही, दूध किंवा साय घाला. साखर आणि आंबट यांनी जिभेला जाणवणारी धार बोथट होते, तिखट कमी होत नाही. जास्त वेळ उकळूनही ते जात नाही.

याच गुणाचा उपयोग उलटाही करता येतो. सुवास हवा, जाळ नको, तर अख्खी न चिरलेली मिरची रश्शात सोडा आणि फुटण्याआधी काढून घ्या. तिखट सगळीकडे सारखं मुरायला हवं असेल तर आधी तेलात टाका. तेल मंद तापलेलं हवं. कुटलेलं तिखट काही सेकंदांत करपतं, काळपट होतं आणि मग पदार्थभर कडवटपणा पसरतो, जो नंतर कशाने निघत नाही. तिखट घातलं की लगेच त्यावर कांदा, टोमॅटो किंवा थोडं पाणी पडलं पाहिजे, आणि ते आधीपासून हाताशी हवं.

हाताची आग पाण्याने शमत नाही, तीही याच कारणाने. कॅप्सेसिन त्वचेतल्या टीआरपीव्ही१ या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं. हाच ग्राहक ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतो, म्हणून काहीही न भाजता भाजल्यासारखं वाटतं. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. हातांना आधी खाण्याचं तेल चोळा, पुसून काढा, मग साबणाने धुवा, आणि गरज वाटली तर हेच पुन्हा करा. डोळ्यांत गेलं तर मात्र तेल नको, भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहा. मिरच्या बऱ्याच असतील तर हातमोजे घालूनच बसा. कुटताना मिक्सर थांबल्यावर झाकण लगेच उघडू नका, उडालेली भुकटी खाली बसायला पाच-दहा मिनिटं द्या, खिडकी उघडी ठेवा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.